आत्याचा बागेश्री आणि १२८चा आकडा

आत्याच्या गाण्याची एकच फाइल माझ्याकडे आहे. लांबी ४१ मिनिटं, आकार ३९ एमबी. १९९८च्या कोजागिरीला नाशिकच्या घराच्या गच्चीवर बैठक झाली. एका कोपऱ्यात दूध आटत होतं आणि शेजारच्या काकांनी आपला टेपरेकॉर्डर तानपुऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवला होता. ती कॅसेट २००२मध्ये एका ओळखीच्यांनी सीडीवर उतरवून दिली. २००५च्या पावसाळ्यात मी ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि तिची एमपीथ्री फाइल केली. आत्या २००९मध्ये गेली. सीडी २०१९पासून एकाही ड्राइव्हला वाचता येत नाही.

सीडीवर हेच गाणं ४३४ एमबीचं होतं. त्यातले ३९५ एमबी मी 'ओके' म्हणून टाकून दिले. समोरच्या चौकोनात १२८ केबीपीएस असं लिहिलेलं होतं. तो आकडा सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवला होता, आणि बनवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवला असेल असं धरून मी पुढे गेले.

आज चांगल्या हेडफोनवर ती फाइल ऐकली की पहिल्या आलापातच काहीतरी बिनसलंय हे कळतं. तानपुरा मध्यमात लावलेला होता आणि त्याची जवारी सुरेख उघडली होती, हे मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी दुपारभर आत्या घोडीवर दोरा सरकवत बसली होती. फाइलमध्ये त्या गुंजनाच्या जागी पाण्याखालून आल्यासारखी सळसळ आहे. धैवतावरून मध्यमावर येताना आत्या आवाज अगदी बारीक करायची, सूर कुठे संपला आणि श्वास कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. नेमक्या त्याच जागी आवाजाच्या कडा खरखरीत होतात. शब्द कळतात, आवाज तिचाच आहे हे ओळखू येतं. पण तिचं गाणं शब्दांत नव्हतंच.

सध्या अनेक घरांत हेच काम सुरू आहे किंवा सुरू व्हायचंय. कपाटात दोन-तीनशे सीडी आहेत, प्लेअर बिघडलाय, नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही, आणि मुलं म्हणतात, सगळं कॉम्प्युटरवर घेऊन टाका. घेऊन टाकावं, जरूर घ्यावं. यूएसबीला जोडायचे बाहेरचे ड्राइव्ह अजून मिळतात. फक्त पहिली सीडी आत जाण्याआधी काही गोष्टी ठरलेल्या हव्यात. त्या मला पंधरा वर्षं उशिरा कळल्या.

सीडी १९८२मध्ये बाजारात आली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम आखले होते. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी करायचं. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. तासाभराच्या सीडीचा हिशेब ६३५ एमबीपर्यंत जातो. १२८ केबीपीएस म्हणजे त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा.

२००५मध्ये माझ्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क ४० जीबीची होती आणि घरात सव्वातीनशे सीडी होत्या. जशाच्या तशा उतरवल्या असत्या तर २०० जीबीच्या वर जागा लागली असती. १२८च्या एमपीथ्रीत सगळा संग्रह १९ जीबीत बसला. त्या दिवशीच्या जागेच्या हिशेबात तो निर्णय वेडेपणाचा नव्हता. चूक झाली ती पुढे. त्या १९ जीबीला मी मूळ संग्रह समजू लागले, आणि मूळ सीडी खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या. नाशिकच्या घराचा माळा, वर पत्रा, एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन. काही सीडी लोकांनी मागून नेल्या. त्या परत आल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत, कारण 'आपल्याकडे आहेच की कॉम्प्युटरवर'.

एमपीथ्री ही तशी थक्क करणारी करामत आहे. जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. १९९३मध्ये तिचं प्रमाणक प्रसिद्ध झालं, आणि फाइलच्या नावामागे लागणारी 'एमपीथ्री' ही अक्षरं १९९५च्या जुलैत ठरली. तिच्या मुळाशी माणसाच्या कानाची एक सवय आहे. वरातीत बँड वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. कुजबुज हवेत असते, कानापर्यंत पोहोचतेही, पण बँडपुढे तिचा पाड लागत नाही. मोठ्या आवाजामागे जे झाकलं जाणार ते लिहायचंच कशाला, असा हा विचार आहे. एन्कोडर, म्हणजे अशी फाइल बनवणारा प्रोग्राम, गाण्याच्या बारीक तुकड्यांत असं झाकलं जाणारं काय आहे ते शोधतो आणि ते ढोबळपणे लिहितो किंवा सोडून देतो.

ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी जी ध्वनिमुद्रणं वापरली त्यांत सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर' होतं. त्या गाण्यात वाद्यच नाही, एकट्या बाईचा आवाज आहे. सुरुवातीच्या एन्कोडरांनी त्या आवाजाची पार वाट लावली होती. गर्दीच्या ऑर्केस्ट्रात लपून जाणारे दोष एकट्या गळ्यात उघडे पडतात. आपल्याकडची निम्मीअधिक सीडी-कपाटं अशाच गाण्याने भरलेली आहेत. एक गळा, एक तानपुरा, मागे मंद ठेका. जिथे काहीच झाकलं जात नाही, तिथे फेकण्यासारखंही फार थोडं असतं. बिट मात्र ठरावीकच मिळतात. मग एन्कोडर जे फेकू नये तेही फेकतो.

तबल्याचं दुखणं निराळं. एमपीथ्री आवाजाचे १,१५२ मोजमापांचे तुकडे करते, म्हणजे एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. काटछाट करताना जी खरखर तयार होते ती त्या तुकड्यात सगळीकडे पसरते. चाट वाजण्याआधीच्या शांततेतही ती पसरते, आणि 'ना' वाजण्याच्या क्षणभर आधी हलकी फुसफुस ऐकू येते. चांगला एन्कोडर अशा जागी तुकडे आणखी लहान करतो, पण त्याला जास्त बिट लागतात आणि १२८मध्ये ते नसतात. अभंगांच्या सीडीत टाळांचंही असंच होतं. टाळाची किणकिण विरत जाताना तिची ओली सरसर होते. प्रेक्षकांच्या टाळ्या तर कुठल्याही एन्कोडरला जड जातात, कारण त्या शेकडो बारीक ठोक्यांचा पाऊसच असतात. नाट्यगृहात ध्वनिमुद्रित झालेल्या कथाकथनात हशा आणि टाळ्यांचा आवाज तळणीत भजी सोडल्यासारखा झाला असेल तर दोष श्रोत्यांचा नाही.

१२८ची एमपीथ्री साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापते, यावर लोक फार बोलतात. मला तो मुद्दा गौण वाटतो. पन्नाशीनंतर बहुतेकांना त्या वरच्या पट्टीतलं काही ऐकूच येत नाही. नुकसान खालच्या, रोजच्या पट्टीत होतं.

आत्याच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती मला फार उशिरा उमगली. मूळ कॅसेट असल्यामुळे गाण्यामागे टेपची सततची सूंसूं होती. एन्कोडरला सूंसूं आणि जवारी यांतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही ध्वनीच. मोजक्या बिटांतले कितीतरी त्याने त्या सूंसूंवर खर्च केले. ध्वनिमुद्रण जितकं जुनं आणि खराब, तितकी त्याला जागा जास्त द्यायला हवी. मी उलट समजत होते. 'एवीतेवी कॅसेटचंच आहे, त्याला कशाला चांगलं सेटिंग' असं मी तेव्हा म्हटल्याचं मला आठवतं.

आता वळकटीचं उदाहरण घेऊ. गादी गुंडाळून दोरीने करकचून बांधली की ती कमी जागेत मावते, पण म्हणून आतला कापूस कमी होत नाही. सोडली की पुन्हा तीच गादी. आवाजाची अशी वळकटी बांधणाऱ्या प्रकाराला लॉसलेस म्हणतात, आणि त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे फ्लॅक. जॉश कोलसन यांनी तो तयार केला, २००१मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि तो सर्वांना मोफत खुला आहे. ॲपलचा अलॅक २००४चा, तोही २०११मध्ये खुला झाला. आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. दोन्हींत आवाज बिटागणिक तोच राहतो, आणि एकातून दुसऱ्यात केव्हाही नेता येतो.

फ्लॅकमध्ये ० ते ८ असा एक आकडा निवडायला सांगतात, आणि लोक तिथे अडखळतात. तो दर्जाचा आकडा नाही. वळकटी किती घट्ट बांधायची एवढंच तो सांगतो. ८ घेतलं तर कॉम्प्युटर थोडा जास्त वेळ घेतो आणि फाइल किंचित लहान होते. आवाज ०मध्येही तोच असतो आणि ८मध्येही तोच. ५ हा आधीच भरलेला आकडा असतो, तो तसाच राहू द्यावा.

फाइल केवढी होईल ते गाण्यावर ठरतं. शांत ख्याल मूळच्या निम्म्यापर्यंत खाली येतो. सगळं कसं मोठ्याने ऐकू यावं म्हणून दाबून भरलेलं नवं सिनेसंगीत सत्तर टक्क्यांच्या आसपास अडून राहतं. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या सीडीत गंमत असते. तबकडीची खरखर वळकटीत नीट बसत नाही, पण मूळ ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं असल्यामुळे सीडीवर डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असेल तर फ्लॅक ती एकदाच लिहिते आणि फाइल एका झटक्यात निम्मी होते. सव्वातीनशे सीडींचा सगळा संग्रह फ्लॅकमध्ये १२० जीबीच्या आत-बाहेर जातो. आज पेनड्राइव्हसुद्धा त्याहून मोठे मिळतात.

म्हणून संग्रहाची मूळ प्रत लॉसलेसच ठेवावी. ३२० केबीपीएसची एमपीथ्री हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. कानाला ती बहुधा पुरेशी असतेही. पण तिच्यावरून उद्या दुसऱ्या प्रकारात जायचं झालं की पुन्हा काटछाट होते, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी. फ्लॅकवरून मात्र हव्या तितक्या, हव्या त्या आकाराच्या प्रती काढाव्यात, प्रत्येक प्रत पहिल्या हातचीच असते. आणि हिशेब फक्त जागेचा नाही. एक सीडी घालायची, वाचून होईपर्यंत थांबायचं, नावं तपासायची, बाहेर काढून पुसून पेटीत ठेवायची, यात दहा-बारा मिनिटं जातात. २०२०मध्ये मी उरलेला संग्रह पुन्हा उतरवायला बसले तेव्हा रोज चार सीडी या वेगाने जवळजवळ तीन महिने लागले. एवढी मेहनत कुणी तिसऱ्यांदा करत नाही.

सीडी नीट वाचली गेली की नाही, याकडे सेटिंगपेक्षाही कमी लक्ष जातं. गाण्याच्या सीडीवर दर सेकंदाला ७५ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट आवाज असतो. कॉम्प्युटरची माहिती असलेल्या सीडीवर त्याच तुकड्यात फक्त २,०४८ बाइट माहिती ठेवतात, उरलेल्या जागेचा बराच भाग चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. गाण्याच्या सीडीला ही शेवटची राखण नाही. ओरखडा खोल असला की ड्राइव्ह आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज बांधून मधली जागा भरतो आणि कुणाला काही सांगत नाही. कधी ते ऐकू येत नाही, कधी 'टक्' असा आवाज येतो. २००५च्या माझ्या फाइलींत एका भीमपलासात तीन मिनिटं सारखी टकटक आहे. सॉफ्टवेअरमध्ये चुका तपासण्याचा पर्याय होता. त्यावर खूण केली नव्हती, कारण तो लावला की काम सावकाश होतं.

विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर सीडीपॅरानोया ही सॉफ्टवेअरं शंका आली की तीच जागा पुन:पुन्हा वाचतात. त्यांतली पहिली दोन ॲक्युरेटरिप नावाच्या सामाईक नोंदवहीशी ताळाही जुळवून पाहतात. तीच सीडी दुसऱ्या कुणी उतरवली असेल आणि दोघांचे आकडे जुळले तर वाचन बिनचूक. कमी खपाच्या सीडी त्या नोंदवहीत नसण्याची शक्यता असते. अशी सीडी दोनदा वाचावी, शक्य तर दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि दोन्ही वेळचे आकडे जुळतात का पाहावं. न जुळणाऱ्या सीडींची यादी बाजूला ठेवावी. पुष्कळदा नुसती पुसली तरी काम होतं. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवत पुसू नये. वाचन गोलाकार चालतं, त्यामुळे गोल ओरखडा एकाच जागेतलं बरंच काही घेऊन जातो आणि आडवा ओरखडा थोडंथोडं.

सगळे खालची चकाकती बाजू जपतात. तिथे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास जाडीचं प्लास्टिक असतं, ते बरंच सोसतं. नाजूक असते ती छापील बाजू. परावर्तन करणारा धातूचा थर तिथे लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो. आत्याच्या सीडीवर मी हौसेने कागदी गोल लेबल चिकटवलं होतं, 'कोजागिरी ९८' असं जाड पेनने लिहून. माळ्यावरच्या उन्हाने डिंक सुकला, लेबलाची कड वर उचलली गेली, आणि तिच्यासोबत नखाएवढा चकाकता थर निघून आला. उजेडासमोर धरली की त्या भोकातून पलीकडचं दिसतं. घरी बनवलेल्या सीडीत रंगद्रव्याचा आणखी एक थर असतो आणि उष्णता-उजेड दोन्ही त्याचे वैरी. ज्यांच्याकडे अशा सीडी असतील त्यांनी सुरुवात तिथूनच करावी. कंपनीने छापलेल्या सीडी तुलनेने दमदार असतात आणि हरवल्या तरी दुसरीकडे मिळू शकतात.

गाण्यांच्या मधल्या फटीबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी राग वाचले असते. शास्त्रीय संगीताच्या सीडीत विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतो, पण गाणारा मध्ये थांबलेला नसतो. विलंबितातली शेवटची तिहाई संपते आणि त्याच श्वासात द्रुतचा मुखडा उचलला जातो. एमपीथ्रीचे तुकडे ठरावीक मापाचे असल्यामुळे फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरावीच लागते. ती सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी म्हणा. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी असते, म्हणजे त्या शांततेत पाव मात्रा जाते. सम पाव मात्रा उशिरा आली तर बैठकीतलं शेंबडं पोरसुद्धा दचकतं. त्यात तेव्हाचे प्लेअर पुढची फाइल उघडायलाच अर्धा सेकंद घ्यायचे. फ्लॅकमध्ये ही भर नसते. एमपीथ्री करायची झाल्यास लेम हा एन्कोडर वापरावा, तो किती शांतता भरली ते फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चांगले प्लेअर तेवढी वगळतात. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' असा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा. पहिल्याच दिवशी अशी एक जोडून गायलेली सीडी उतरवून, दोन ट्रॅकच्या सांध्यावर कान ठेवून ऐकावं.

सेटिंगच्या पानावर आणखी काही मोहक चौकोन असतात. 'नॉर्मलाइज', म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणं. 'नॉइज रिडक्शन', म्हणजे खरखर काढणं. मूळ प्रत उतरवताना हे सगळं बंद असावं. आवाज सारखा हवा असेल तर रिप्लेगेन नावाची सोय आहे. ती आवाजाला हात लावत नाही, किती वाढवायचा-कमी करायचा तेवढी चिठ्ठी फाइलला जोडते. नको वाटली तर चिठ्ठी काढून टाकता येते.

फोनसाठी, गाडीसाठी काटछाट केलेली प्रत हवीच असते, आणि तिथे १२८, १९२, ३२० हा वाद पुन्हा डोकं वर काढतो. लेममध्ये ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा मागता येतो. व्ही२ म्हटलं की सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास फाइल होते, व्ही० म्हटलं की २४५च्या आसपास. शांत जागी तो बिट वाचवतो आणि जिथे तबला-टाळ एकदम येतात तिथे उधळतो. आधी सांगितलेलं दुखणं यामुळे बरंच हलकं होतं. माझ्या प्रती व्ही२च्या आहेत. २०१२मध्ये आलेला ओपस त्याहून काटकसरी आहे, १२८ केबीपीएसमध्येही तो बहुतेकांना मूळ आवाजापासून वेगळा ओळखता येत नाही. पण गाडीतले जुने स्टिरिओ एमपीथ्रीच्या पलीकडे काही वाचत नाहीत, तिथे हट्ट धरून उपयोग नाही. नुसतं बोलणं असेल, प्रवचन किंवा एखाद्याची मुलाखत, तर एका वाहिनीत ६४ केबीपीएसची एमपीथ्रीही चालते.

स्वतःच्या कानाला काय पुरतं ते मात्र कुणा जाणकाराच्या शब्दावर ठरवू नये. फूबार२००० या मोफत प्लेअरला एबीएक्स नावाची एक जोड मिळते. ती मूळ फाइल आणि काटछाट केलेली फाइल यांतली कुठलीही एक, नाव न सांगता ऐकवते आणि ओळखायला सांगते. असं १६ वेळा करावं. १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं तर फरक खरोखर ऐकू येतोय असं म्हणता येईल, कारण नुसत्या अंदाजाने एवढं यश शंभरात चारेक वेळाच मिळतं. मी तानपुऱ्याचा तीस सेकंदांचा तुकडा घेतला. १२८ मी १६ पैकी १५ वेळा ओळखला. व्ही२च्या बाबतीत ९ वर थांबले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्या संध्याकाळी माझा सेटिंगबद्दलचा सगळा घोळ संपला. तुकडा निवडताना मोठं सिनेगीत घेऊ नये. तानपुरा, एकटा गळा, टाळ किंवा टाळ्या घ्याव्यात.

नावांचा प्रश्न आहेच. सीडीवर बहुधा गाण्याचं नाव लिहिलेलंच नसतं. सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरून सीडी ओळखतं आणि इंटरनेटवरच्या यादीतून नावं आणतं. लांबी योगायोगाने जुळली की अभंगांच्या सीडीला परदेशी बँडचं नाव लागतं. माझ्याकडे २००५च्या शेकडो फाइलींना 'ट्रॅक ०१' एवढंच नाव होतं आणि ज्यांना मी मराठीत नावं दिली होती त्यांतल्या निम्म्यांची पुढे प्रश्नचिन्हं झाली. एमपीथ्रीच्या जुन्या नोंदींत नावाला ३० अक्षरांची जागा असायची आणि देवनागरीची सोय नव्हती. फ्लॅकमधल्या नोंदी युनिकोडमध्येच असतात, तिथे निर्धास्तपणे मराठीत लिहावं. राग, ताल, साथीदार, ध्वनिमुद्रणाचं साल यांसाठी वेगळे रकाने करता येतात. गीतरामायणासारख्या ५६ गीतांच्या संचात सीडीचा क्रमांक आणि ट्रॅकचा क्रमांक दोन्ही भरावेत, आणि एकआकडी क्रमांकाआधी शून्य द्यावं, नाहीतर १नंतर १० येतं आणि कथा उलटीपालटी होते. सीडीसोबतच्या पुस्तिकेचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. साथीदारांची नावं अनेकदा तिथेच असतात, बाकी कुठेही नाही.

हार्डडिस्क एक नको, दोन हव्यात, आणि दुसरी दुसऱ्या घरात. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एक खूण साठवलेली असते, तिच्यावरून फाइल शाबूत आहे का ते वर्षातून एकदा तपासून घेता येतं. दिवाळीच्या साफसफाईत हे काम बसवावं. विकत घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती प्रत काढायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराचा आधार आहे. त्या प्रती गावभर वाटायला नाही. सीडी देऊन टाकून प्रत ठेवली तर ती बाजूही लंगडी पडते. तेव्हा सीडी ठेवाव्यात, उभ्या, सावलीत, माळ्यापासून दूर.

आत्याची ३९ एमबीची फाइल मी जशीच्या तशी ठेवली आहे. ती फ्लॅकमध्ये घालून मोठी दाखवण्यात अर्थ नाही, गेलेलं त्याने परत येत नाही, उलट पुढे कुणाला तरी ती अस्सल प्रत वाटेल. शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलंय: 'मूळ कॅसेट १९९८, सीडी २००२, १२८ केबीपीएस २००५'.

मागच्या महिन्यात टेपरेकॉर्डरवाल्या त्या शेजारच्या काकांच्या मुलाशी फोनवर बोलणं झालं. तो साताऱ्याला असतो. वडिलांच्या कॅसेटी त्याने टाकलेल्या नाहीत, बुटांच्या चार खोक्यांत आहेत, कुठल्या खोक्यात काय ते माहीत नाही. मी जुना कॅसेट डेक दुरुस्तीला दिला होता, त्याचे रबरी पट्टे बदलून तो परत आलाय. हेड पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोलची बाटली घेतली आहे. या वेळी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, खरखर काढण्याचं बटण बंद, आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या तानेला धरून आणि वर थोडी जागा मोकळी सोडून. कॅसेट मिळाली तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे इतकी वर्षं पडून चिकटलेली वेटोळी सुटी होतात. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने निघायचंय.